भाकरी शुभेच्छुकांच्या रांगेत

मी चित्र केलं आणि ते बघणाऱ्याला कळलं नाही, असं पंधरा वर्षांत एकदाही झालेलं नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो! माकणीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. डिझाइन मी करतो, छपाई उमरग्याला होते. वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली. माणसाच्या आयुष्यात चौकात टांगण्याजोगं जे काही घडतं, ते सगळं माझ्या हाताखालून गेलेलं आहे. त्यामुळे डॉक्टर अर्पिता मॅडमनी, "बजरंगराव, एक चित्र करायचंय, जमेल का?" असं विचारलं, तेव्हा मी नुसता हसलो. ते हसू आठवलं की आता माझं मलाच कानाखाली द्यावंसं वाटतं.

पण आधी आबांचं सांगायला हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं. आबा म्हणजे माझे वडील, श्रीमंतराव. गावात त्यांना मान आहे, पण त्यांचा कुणावर विश्वास नाही. दूधवाल्यावर नाही, लाइनमनवर नाही, टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईवरसुद्धा नाही. "ती हसत हसत सांगती, म्हंजी तिला ठावं हाय की खोटं हाय," असं त्यांचं म्हणणं. नवी नोट हातात आली की ते ती उन्हात धरतात. जुनी आली तर आधी वास घेतात आणि मग उन्हात धरतात.

दिवाळीनंतर आबांच्या छातीत दुखलं. सोलापूरला नेलं, दोन स्टेंट टाकले. घरी आल्यावर तपासणीसाठी उमरग्याला अर्पिता मॅडमकडे जायचं ठरलं. मॅडमनी जेवणाचं सांगितलं: ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, करडईचं तेल तेही चमच्यानं मोजून. मटण महिन्यातून एखाद्या वेळी दोन फोडी, गोड सणाला चवीपुरतं. माझ्या बायकोनं, राजेश्वरीनं, हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून तंतोतंत सुरू केलं.

ज्या माणसानं आयुष्यभर तर्रीत भाकरी बुडवून खाल्ली, त्याच्यापुढे बिनतवंगाचं वरण आलं. आबांनी ताट पाहिलं, राजेश्वरीकडे पाहिलं आणि मनाशी निकाल लावून टाकला. डॉक्टरच्या नावाखाली सून आपल्याला उपाशी मारतेय! मग हे पारावर सांगितलं, कटिंगच्या दुकानात सांगितलं, दळायला गेले तर गिरणीतही सांगितलं. गिरणीत सांगितलेली गोष्ट पिठाबरोबर घरोघर जाते. आठवड्याभरात नळावरच्या बायका राजेश्वरी आली की बोलायच्या थांबू लागल्या.

शेवटी आबांनी जाहीर केलं की आपण तामलवाडीला दीपालीकडे राहायला जाणार. दीपाली माझी बहीण. तिच्या घरी आठवड्यातून दोनदा मटण शिजतं आणि पाहुण्याला वाढताना हात आखडत नाहीत. आबा तिथे महिनाभर राहिले असते तर ते दोन स्टेंट कशासाठी टाकले, हा प्रश्नच उरला नसता. मला खरोखर भीती वाटली. राजेश्वरी तर त्या दिवशी पोळपाट बाजूला ठेवून सरळ माझ्यासमोर बसली.

"आबा तिकडं गेले अन् काई झालं, तर नाव माजंच. न्हाय गेले तरी नाव माजंच," ती म्हणाली. "मला पुरावा करून द्या. डॉक्टरनं हेच खायला सांगितलंय, हे साऱ्या गावाला डोळ्यानं दिसलं पायजे."

आणि नेमकं त्याच आठवड्यात मॅडमनी मला बोलावलं. रविवारी माकणीत त्यांचं हृदय तपासणीचं शिबिर होतं. त्यांनी कॉम्प्युटरवर मला एक चित्र दाखवलं. एक मोठा त्रिकोणी डोंगर, त्यात आडवे मजले आणि प्रत्येक मजल्यावर खायच्या वस्तू. भूमध्य समुद्राच्या काठची माणसं पूर्वापार जे जेवत आली, ते हृदयाला चांगलं, असं मॅडम म्हणाल्या. सगळ्यात खाली पसरट मजला म्हणजे रोज पोटभर खायचं, तिथे त्यांचे जाड्याभरड्या धान्याचे पाव, कडधान्यं, भाज्या. वर जावं तसं कमी. अगदी टोकाला मटण आणि गोड, म्हणजे क्वचित.

मॅडमना हेच चित्र आपल्याकडच्या वस्तूंनी हवं होतं. त्यांच्या पावाच्या जागी ज्वारीची भाकरी, ऑलिव्हच्या तेलाऐवजी करडई, त्यांच्या कडधान्याच्या जागी तूर आणि हुलगे, समुद्रातल्या माशाऐवजी आपल्या धरणातला मासा. मी घरी येऊन आबांना सांगितलं, तर त्यांनी तो समुद्र कुठल्या तालुक्यात येतो ते विचारलं. लांब आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग त्यांचं खाणं आपल्याला कशापायी सांगायलेत? काईतरी इकायचं आसंल."

मॅडमचं एक म्हणणं होतं की प्रत्येक मजल्याशेजारी किती खायचं ते लिहावं. मी ते उडवून लावलं. मी म्हटलं, मॅडम, निम्म्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाही, उरलेल्यांचा चष्मा घरी राहतो. मी असं चित्र देतो की त्यावर एक अक्षर नसेल आणि तरी सगळं कळेल! मॅडमना ते पटलं नव्हतं. पण माझा आवाज एवढा मोठा होता की त्या गप्प बसल्या.

नेटवरचे फोटो वापरायचे नाहीत, असं मी ठरवलं. नेटवरची भाकरी पाहून लोक म्हणतील, ही आपली नव्हे. म्हणून मोबाइल घेऊन मी घरोघर ताटांचे फोटो काढत निघालो.

पहिलं घर विठाबाई चुलतीचं. "काकू, आज जेवायला काय केलंय? फोटो काढायचाय," असं म्हटलं मात्र, तिनं भाजीच्या पातेल्यावर ताट झाकलं आणि वर स्वतः हात ठेवून उभी राहिली. कुणी पाठवलं, कशाला पाठवलं, आमच्याच घरापासून का सुरुवात केली, असं सगळं तिनं विचारून घेतलं. मी समुद्र आणि हृदय असं काहीतरी सांगत होतो. तिच्या डोळ्यांत मात्र एकच गोष्ट दिसत होती: रेशन कार्ड.

मी तिच्या दारातून तिसऱ्या घरापर्यंत पोचेस्तोवर बातमी माझ्या पुढे गेलेली होती. सरकार ताटं बघून कार्ड रद्द करणार! ज्याच्या ताटात तूप, त्याचं धान्य बंद! मग काय विचारता. ज्या घरात शिरावं तिथे सुकी भाकरी आणि मिरचीचा ठेचा. रामकिसनरावांकडे वीस एकर ऊस आहे. त्यांच्या घरी माझ्यापुढे अर्धी भाकरी आणि मीठ ठेवलं. स्वयंपाकघरातून मटणाचा घमघमाट येत होता आणि रामकिसनराव माझ्याकडे पाहून सांगत होते की शेजाऱ्यांकडे पाहुणे आलेत. त्यांच्या शेजारी पोस्ट ऑफिस आहे.

दोन दिवस मी नुसत्या ठेच्याचे फोटो काढले. शेवटी माझंच डोकं चाललं. मी पारावर जाऊन सहज बोलल्यासारखं केलं, की हा फ्लेक्स शिबिरात लागणार, उमरग्याहून डॉक्टर येणार, आणि कुणाच्या घरचा पदार्थ कसा हे सगळ्यांना दिसणार. बस! दुपारनंतर बायका मला घरातून ओढून न्यायला लागल्या. विठाबाईनं एवढी गोल भाकरी थापली की कंपासनं काढल्यासारखी. हरणाबाईनं हुलग्याची उसळ केली आणि वर कोथिंबीर एकेक पान मोजून लावली. रामकिसनरावांनी मटणाची परात स्वतः उचलून अंगणात उजेडात आणली. शेजाऱ्यांचे पाहुणे गेले का, असं मी विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी शाळेच्या भिंतीवर फ्लेक्स लागला. दहा फूट उंच! तळाला विठाबाईच्या भाकऱ्या ओळीनं, त्यावर हरणाबाईची उसळ आणि भाज्या, मग तेल आणि शेंगदाणे, मग धरणातला मासा, आणि टोकावर रामकिसनरावांचं मटण आणि शेजारी जिलबी. अक्षर एकही नाही. मी लांब उभा राहून तो पाहिला आणि मला खरंच अभिमान वाटला. सगळा गाव खाली उभा राहून मान वर करून बघत होता. मला वाटलं, समजलं यांना.

संध्याकाळी विठाबाई घरी आली. कमरेला पदर खोचलेला होता आणि बसायला सांगितलं तरी बसली नाही.

"बजरंग्या, माजी भाकरी तळाला का घातलीस?"

मी समजावलं, की काकू, तळ म्हणजे पाया, सगळ्यात महत्त्वाचं तेच. ती माझ्याकडे अशी पाहत होती जसं मी तिला नापास करून वर पेढे देतोय.

"मला शिकवू नगंस," ती म्हणाली. "सरपंचाच्या वाडदिवसाला कुणाचा फोटू वर घातलास? सायबाचा. एकटा, भला मोट्टा. अन् माजा सुरज कुठं व्हता? तळाला, शुभेच्छुकात. तिकिटाएवढा. आता माजी भाकरी बी शुभेच्छुकात बसवलीस व्हय?"

माझ्या पायाखालची फरशी सरकली. पंधरा वर्षं! पंधरा वर्षं या गावाला मीच फ्लेक्स वाचायला शिकवलं होतं. जो वर एकटा, तो मोठा. जे खाली गर्दीनं, ते सोबत आलेले. दोन बोटं खाली घेतलं म्हणून माझ्या दुकानात सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेलेत. त्याच गावापुढे मी मटणाला साहेबाच्या जागी बसवलं होतं, शेजारी जिलबीला तालुकाध्यक्ष केलं होतं, आणि भाकऱ्यांना ओळीनं उभं करून नमस्कार करायला लावला होता.

"आणि आबा कुठं आहेत?" मी राजेश्वरीला विचारलं. आबा घरात नव्हते. आबा रामकिसनरावांकडे जेवायला गेले होते.

झालं होतं असं, की फ्लेक्स पाहताच आबांनी तिथल्या तिथे सभा घेतली. डॉक्टरनं मटण सांगितलंय, जिलबी सांगितलीय, तेही सगळ्यात वर, आणि सून चार महिने ते दडवून बसलीय, असं त्यांनी गावाला काठीनं दाखवून सांगितलं. लोकांना चित्र दिसत होतंच. रामकिसनरावांना तर आपलं मटण डॉक्टरांनी गावातून निवडलं याचा एवढा आनंद झाला होता की त्यांनी आबांना हात धरून घरी नेलं. राजेश्वरीनं पुरावा मागितला होता. मी तो दहा फुटी करून दिला होता, पण तिच्याविरुद्ध.

राजेश्वरीनं त्या दिवशी मला जेवायला बोलावलं नाही. ताट झाकून ठेवलं होतं, ते मी माझं घेतलं.

शनिवारी मी आबांना सांगून पाहिलं. ते जिलबी खात होते. शनिवार होता म्हणून मटण नाही, पण जिलबीला वार नसतो. मी म्हटलं, आबा, वर म्हणजे कमी खायचं. त्यांनी बोटं चाटली आणि म्हणाले, "बायकूनं पडवून आणलंय तुला." दुपारपर्यंत गावातले साखरेचे तीन पेशंट जिलबीच्या गाड्यापाशी उभे असल्याचं कळलं. मी दारातच बसकण मारली.

मग रविवारी सकाळी सहाला मला एक कल्पना सुचली. लोक वरचं मोठं समजतात ना? मग भाकरी वर नेऊ! मी शाळेत गेलो, चारी कोपऱ्यांच्या दोऱ्या सोडल्या आणि फ्लेक्स सरळ उलटा बांधला. भाकरी दोन्हीकडून सारखीच दिसते. वाट्यांचे फोटो वरून काढलेले होते, त्यामुळे तेही चाललं. फक्त मासा पोट वर करून पडल्यासारखा दिसत होता. पण माशाची तक्रार कोण घेऊन येणार?

आठ वाजता विठाबाई आली. आपल्या भाकऱ्या सगळ्यांच्या डोक्यावर पाहून तिचा चेहरा फुलला. तिनं शाळेतलं स्टूल मागवलं, त्यावर चढली, तरी हात पोचेना, म्हणून तिनं खालूनच हळद-कुंकू उधळलं. साडेआठला रामकिसनराव आले. परवा साहेब असलेलं त्यांचं मटण आज जमिनीला टेकलेलं होतं.

ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात विचारलं, "विठाबाईनं काय खाऊ घातलं तुला?" मी शपथ घेतली. त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला. नऊपर्यंत गावात दोन तट पडले, एक भाकरीचा आणि एक मटणाचा, आणि दोघांनाही पक्कं ठाऊक होतं की मी दुसऱ्याकडचा आहे. आबा मधोमध खुर्ची टाकून बसले होते. रात्रीतून चित्र फिरलं म्हणजे सुनेनंच फिरवायला लावलं, असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. राजेश्वरी बायकांच्या रांगेत एकटीच उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस बसेल एवढी जागा मोकळी होती.

दहा वाजता मॅडम आल्या. सत्काराचा नारळ झाला आणि कुणीतरी त्यांच्या हातात माइक दिला. बोलायला लागणार तोच त्यांची नजर भिंतीवर गेली.

"अहो बजरंगराव, हे उलटं लावलंय! सरळ करा आधी. मटण वर पाहिजे." हे सगळं माइकवर!

आबा काठी टेकून उठले. "ऐकलंव का सगळ्यांनी?" त्यांनी गावाला विचारलं. गावानं ऐकलं होतं. तळ्यापलीकडच्या वस्तीनंसुद्धा ऐकलं असावं. रामकिसनरावांची चार माणसं धावली, त्यांनी फ्लेक्स सरळ केला आणि टाळ्या पडल्या. मी राजेश्वरीकडे पाहिलं. ती रडत नव्हती, पण तिनं पदराचं टोक इतकं घट्ट धरलं होतं की मला तिच्याकडे बघवेना.

पहिला नंबर आबांचा. मॅडमनी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, पंप दाबला आणि मॅडमच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा दाबला. माइक टेबलावर तसाच चालू होता.

"आबा, गेल्या वेळी एवढा छान होता तुमचा रक्तदाब. दोन दिवसांत काय खाल्लंत?"

आबांनी सगळं सांगितलं. न लाजता, चांगल्या विद्यार्थ्यासारखं! शुक्रवारी दोन ताटं मटण, शनिवारी अर्धा किलो जिलबी, आज सकाळी शिळी तर्री. सगळं तुमच्या फ्लेक्सप्रमाणे, वरून खाली या क्रमानं. अजून माशापर्यंत पोचलो नाही, असंही म्हणाले.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की टोकावरचं सगळ्यात कमी, तळाचं सगळ्यात जास्त. ज्यांनी दोन दिवस वरून खाल्लं असेल त्यांनी आधी इकडे रांगेत यावं. नऊ जण आले. नंतर त्या राजेश्वरीजवळ गेल्या आणि तिचा हात धरून तिला पुढे घेऊन आल्या.

"आबा, ही तुमची सून मला दर सोमवारी फोन करते. आज काय करू, किती तेल घालू, आबांना भूक लागते तर मध्ये काय देऊ. माझ्या दुसऱ्या कुठल्याच पेशंटच्या घरून असा फोन येत नाही. तुमचा दाब उतरला होता तो हिच्या हातच्या जेवणानं."

मला हे फोन माहीतच नव्हते. इतकी वर्षं मी चौकाचौकात लोकांचे मोठेपणाचे फोटो लावतोय, आणि माझ्या घरातलं माणूस एवढं करतंय ते मला दिसलं नव्हतं. राजेश्वरी बायकांच्या रांगेत परत गेली, तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंची ती मोकळी जागा भरून गेली होती. हरणाबाई तर तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

आबा काठीच्या मुठीकडे बघत बसले. मी पाहिलं, त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. संशय चुकला, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मग त्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं. टोकावरच्या मटणाकडे पाहिलं. आणि सावकाश माझ्याकडे मान वळवली.

"म्हंजी सून न्हवं," आबा म्हणाले. "पोरगं."

माइक चालूच होता. मी म्हटलं, आबा, अहो काय बोलताय! पण आता लोकांना एकेक आठवू लागलं. मॅडम म्हणत होत्या लिहा, तर यानंच अक्षर काढू दिलं नाही, हे मॅडमनीच सांगितलं, तेही निरागसपणे. पहाटे दोऱ्या सोडताना याला शाळेच्या शिपायानं पाहिलं होतं. रामकिसनराव म्हणाले, मटण माझं पण डाव याचा, मला उगीच गोवलं. विठाबाई मला लहानपणापासून ओळखते, ती माझी बाजू घेईल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली की जमीन अजून आबांच्याच नावावर आहे ना. भाकरीचे आणि मटणाचे दोन्ही तट त्या एका मिनिटात एक झाले.

मॅडमनी बाकीच्या गावांसाठीही हाच फ्लेक्स करून घेतला. फक्त त्यावर चित्र नको म्हणाल्या, नुसती मोठी अक्षरं द्या.

त्या संध्याकाळी आबांनी स्वतः राजेश्वरीला हाक मारून भाकरी मागितली. दोन भाकरी, हुलग्याची उसळ आणि आंबाडीची भाजी, सगळं ताट त्यांनी पुसून खाल्लं आणि तिला म्हणाले, "लई गोड केलंस गं पोरी." मला बरं वाटलं. मी उठून त्यांना तांब्यात पाणी दिलं. आबांनी तांब्या हातात घेतला, आत पाहिलं आणि परत माझ्यापुढे सरकवला.

"आदी तू पी."

मी प्यालो. स्वयंपाकघरात गेलो तर राजेश्वरी तोंडावर पदर धरून हसत होती. मी तिला म्हटलं, तुला तर माहीत आहे मी हे कुणासाठी केलं ते, आबांना तेवढं सांग की.

"सांगते की," ती म्हणाली. "पर आठ दिसांनी. माज्यावरचा शक आत्ता कुठं गेलाय, जरा बसू द्या."

त्याला आता तीन महिने झाले. आबा तामलवाडीचं नाव काढत नाहीत, त्यांचा दाब झकास आहे, आणि घरातलं पाणी मी अजूनही आधी पितो.